खावटी फेडायची नसते

१९ जून २०२३, सोमवार. सकाळी पावणेअकरा वाजता चामोर्शीच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात माझ्या पक्षकार बाईने मला सांगितले, की तिला मुलीसाठी काहीही नको.

तिचे वडील थोडे धान पिकवतात आणि गावच्या तलावात मासे धरतात. नवरा घुग्घुसला कोळशाचा ट्रक चालवतो. बायकोला आणि लहान मुलीला त्याने माहेरी आणून सोडले, ते कायमचे. मुलीच्या दरमहा खर्चासाठी मी केलेल्या अर्जावर त्याच दुपारी आदेश व्हायचा होता. त्याआधी, माझ्या अपरोक्ष, नवऱ्याच्या वकिलाने तिला समोरच्या चहाटपरीवर नेऊन बसवले होते. ती परतली तेव्हा मुलीच्या हातात त्याने घेऊन दिलेले चिप्सचे पाकीट होते आणि तिच्या हातात टंकलेली तडजोड. थोडी एकरकमी रक्कम घ्यायची आणि मुलीचा हक्क कायमचा सोडायचा.

"काऊन नको?" मी विचारले.

"मले खावटी नाई पाहिजे, भाऊ. फेडन कोन?"

"फेडायची कशाला?"

"मंग? बाबानं सोसायटीची घेतली होती, ते धान निघाल्यावर फेडलीच ना. हे तं दर महिन्याले चढन. मी मेली तं पोरीच्या डोक्यावर."

आमच्या न्यायालयात पोटगीला खावटी म्हणतात. गावात खावटी म्हणजे पावसाळ्यात घरी खायला म्हणून गावची सहकारी सोसायटी शेतकऱ्याला देते ते कर्ज. तो वकील याच तालुक्यातला, धानाच्या बांध्यांत वाढलेला. हा फरक त्याला ठाऊक नव्हता, असे मी मानत नाही.

मी तिला घेऊन टपरीवर गेलो. तो वकील प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

"हे कर्ज आहे असे हिला सांगितलेस?"

"मी कायले सांगू, सर? तिनं विचारलं, खावटी फेडा लागते का. मी म्हटलं, सोसायटीची लागते. खोटं बोललो का?"

"आणि ही खावटी?"

"हिचं तिनं विचारलंच नाही."

बाकावरचे दोघे हसले.

"सर, तुम्ही जुने लोक," तो पुढे म्हणाला. "ट्रकवाला दर महिन्याले पैसे देते का कुठी? मग फिरा वॉरंट घेऊन घुग्घुसच्या धुळीत. आज सही झाली तर तुमची फी पण निघते."

आईच्या सहीने मुलीचा हक्क सुटत नाही, हे त्याला ठाऊक होते. सही करून बसलेली बाई पुन्हा न्यायालयाची पायरी चढत नाही, हेही ठाऊक होते. त्याची वकिली या दुसऱ्या माहितीवर चालते. मी त्याला लबाड म्हणणार नाही. लबाडाला निदान खोटे बोलण्याचे कष्ट घ्यावे लागतात. मला त्या माणसाची किळस आली, आणि त्याच्या अंगावर माझ्यासारखाच काळा कोट होता याची अधिक.

मी बाईला म्हणालो, "बापाने पोरीला जेवू घालायचे, त्याचे हे पैसे. ते परत द्यायचे नसतात."

"सातबाऱ्यावर नाई चढत?"

"नाही."

"सही नाई केली तं पोरीचा बाप तिले घेऊन जाईन, म्हणे."

"न्यायालयाला विचारल्याशिवाय कोणी नेणार नाही."

तिने तडजोडीचा कागद त्याच्यासमोर बाकावर ठेवला.

"वकीलसायेब, तुमचे पोरं तुमच्या घरी जेवून राह्यले, ते तुमाले फेडतीन का?"

बाकावरचे आता त्याच्याकडे पाहून हसले. त्याने खर्रा तोंडात कोंबला. तोंड भरलेल्या माणसाला उत्तर द्यावे लागत नाही.

दुपारी आदेश झाला. मागितले होते त्याहून कमी मिळाले. पण मिळाले, आणि मुलीच्या नावच्या खात्यात जमा करायचे ठरले. व्हरांड्यात त्या वकिलाने हात मिळवायला पुढे केला. मी माझ्या फायली उचलल्या.

मुलीचे खाते नव्हते. बँक बंद होण्याआधी मी दोघींना घेऊन तिथे गेलो, अर्जावर ओळख देणारा म्हणून सही केली आणि मुलीचा फोटो डिंकाने चिकटवला.