सासूबाईंची चार्जिंगची सायकल

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा गरम आहे तोवर माझी फजिती ऐकून घ्या. फक्त आमच्या हिच्यासमोर हा विषय काढायचा नाही. ती अजून हसते हो!

माझी सासुरवाडी मंगळवेढ्याची. सासूबाई ज्वारीच्या कडक भाकरी करतात, पापडासारख्या पातळ! रोज दुपारी भाकरींची पेटी स्टँडवर जाते आणि तिथनं एसटीनं सोलापूरच्या दुकानात. या पेटीवर बाईंनी घर चालवलं, लेकीचं लग्न केलं. जावई निवडताना तेवढी एक चूक झाली, ती सोडून द्या.

स्टँडला जायला त्यांनी चार्जिंगची सायकल घेतली. साठीच्या बाई! आणि चालवतात कशा? डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट. आधी दोन्ही ब्रेक दाबून बघणार, टायर चाचपणार, मग मोटरचा जोर एक नंबरवर ठेवून हळूच पायडल मारणार. कोपरा आला की घंटी. म्हैस आडवी आली तर थांबणार, म्हशीला जाऊ देणार, मग निघणार. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. रोज त्या गर्दीत बाईक घालतो. इतक्या शिस्तीत गाडी चालवणारा माणूस मी तिथं बघितलेला नाही, खरंच सांगतो.

पण हे कौतुक मला नंतर सुचलं. त्या दिवशी मी जावई होतो!

आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. जावयाशी थेट बोलत नाहीत. मी हातभर अंतरावर बसलेला असलो तरी लेकीला सांगणार, "सुमे, त्यांना म्हनावं, भात घ्या." मग सुमन मला म्हणणार, "आई म्हणतीय, भात घ्या." जेवताना ठीक आहे हो. भात काही पळून जात नाही.

तर आम्ही दोघं मंगळवेढ्याला गेलेलो आणि आदल्या दिवशी आमच्या पाहुणचारात पेटीची बस चुकलेली. दुकानदाराचा फोन आलेला, "मावशी, आज माल आला न्हाय तर मी दुसरीकडनं घेतो." बाईंचं तोंड उतरलेलं. पेटी सायकलच्या मागच्या लोखंडी चौकटीत ठेवली होती, दोरी बांधायची तेवढी राहिली होती. मला वाटलं, आपल्यामुळंच झालंय ना, आपणच निस्तरू.

"आण चावी. मी येतो पोचवून."

सासूबाई लेकीकडं वळल्या. "सुमे, त्यांना म्हनावं, ऱ्हाऊ द्या की. ही गाडी येगळी हाय."

"आई म्हणतीय..."

"ऐकलं! अगं, जन्मभर बाईक चालवतोय, ही तर सायकल!"

"सुमे, हेल्मेट तरी घाला म्हनावं."

"हितनं हितं तर जायचंय!"

बाईंचा जीव खालीवर. पण जावयाला नको कसं म्हणणार? चावी आली.

किल्ली फिरवली. आवाजच नाही! हँडलवर एक ते पाच नंबर दिसले. बाईकवाला माणूस मी, एकवर कशाला जातोय? टाकला पाच. आणि उजवा पाय पायडलवर जरासा दाबला.

गाडी सुटली की राव!

आता बाईकवाला घाबरला की काय करतो? उजवा पाय दाबतो. मीही दाबला. पण बाईकला तिथं ब्रेक असतो, हितं पायडल! गाडीला वाटलं, पावण्यांना घाई आहे. तिनं आणखी जोर लावला. मी डावा पाय दाबून बघितला. ती खूशच झाली!

हातात ब्रेक नव्हते का? दोन होते! पण बाईक शिकवताना माझ्या मामांनी दम दिलेला, उजव्या हाताचा ब्रेक मारायचा नाही, तोंडावर पडशील. आणि डावा म्हणजे क्लच, हे हाडात मुरलेलं. क्लचनं कुठं गाडी थांबते का?

अंगणाच्या मधोमध कडुनिंब. मी त्याला प्रदक्षिणा घालायला लागलो.

"सुमे, त्यांना म्हनावं, पाय काढा!"

"अहो, आई म्हणतीय, पाय..." तोवर मी झाडापलीकडं.

"सुमे, हातातला ब्रेक दाबा म्हनावं!"

"अहो, आई म्हणतीय, हातातला..."

"हातातला काय?" मी पलीकडनं बोंबललो.

"सुमे, ब्रेक म्हनावं, ब्रेक!"

शेजारचे तात्या भिंतीवरनं डोकावले. "पावणं लई हौशी हायत की!"

एवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला आणि माझ्या वाटेच्या कडंला येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढं केलेले. मला भरून आलं हो! आई ती आईच. जावयाला झेलायला निघाली! मी हँडलचा एक हात सोडून त्यांच्याकडं पसरलासुद्धा.

गाडी शेजारनं गेली आणि बाईंनी मागची पेटी अल्लद उचलून घेतली.

पेटी!

मी तसाच पुढं. हलकी झालेली गाडी आणखी चेकाळली आणि मला घेऊन थेट कडब्याच्या गंजीत घुसली.

"अगं आई, माझा नवरा!" सुमन किंचाळली.

"त्यांना काय हुतंय? कडबा हाय, दगुड न्हाय. भाकरी मोडली असती म्हंजे?"

बाईंनी गाडी बाहेर ओढली, पेटी ठेवून दोरीनं बांधली, हेल्मेट घातलं. बस सुटायला आलेली, तरी दोन्ही ब्रेक दाबून बघितले, नंबर पाचाचा एक केला आणि मगच निघाल्या. कोपऱ्यावर घंटी वाजली. माझ्या तोंडातनं आपसूक "वा!" निघालं. सोबत थोडा कडबाही निघाला.

बस गावली. गिऱ्हाईक टिकलं. आणि बाईंचा मोठेपणा बघा, बाहेर कुणाला माझं नाव सांगितलं नाही. जावयाची अब्रू राखली! मी मनातनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पेटी चढवू लागायला मी स्वतः स्टँडवर हजर. चालतच गेलो. कंडक्टर पेटी घेता घेता सासूबाईंना म्हणाला, "मावशी, काल धापा टाकत आलासा. घरचं जनावर सुटलं हुतं म्हनलासा, घावलं का?"

सासूबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"घावलं की. गुनाचं हाय. आज संगटच आणलंय."