अर्धी बादली पाणी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. नांदेडला कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घालायला गेलो, तर दोन्ही गोष्टी माझ्याच मानगुटीवर बसल्या.

कारकुनानं रहिवासी दाखला परत सरकवला. "गाव उदगीरजवळ, अन् जिल्हा उस्मानाबाद कसा? लातूर पाहिजे. बदलून आणा."

मी रडकुंडीला आलो. तेवढ्यात बाकड्यावर बसलेला एक उंच मुलगा उठला. "साहेब, पोरगं जाग्यावरच हाय. जिल्हाच उठून गेला, त्याला ते काय करणार?"

कारकून हसला नाही, पण महिन्याची मुदत दिली.

हा मुलगा अहमदपूरचा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात तिसऱ्यांदा बसलेला. नव्या पोरांना मार्गी लावायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. अभ्यास सोडून कुठलंही काम तो मनापासून करायचा. माझी ट्रंक खांद्यावर टाकून त्यानं मला होस्टेलवर नेलं. वाटेत कोणते सर हजेरी तासाच्या शेवटी घेतात ते सांगितलं. आपण बौद्ध आहोत, हेही सांगून टाकलं, म्हणजे नंतर कुणी बिचकायला नको. "अन् सकाळी पाचला ऊठ. टँकर येतो. झोपलास तर दिवसभर कोरडा."

मी झोपलो.

आमचं घर लिंगायत, वडिलांचं किराणा दुकान. अंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात घास नाही. रिकाम्या बादलीशेजारी मी उपाशी बसून राहिलो. दुपारी तो आला.

"मेसला न्हाई आलास. काय करायलास इथं?"

"अंघोळ न्हाई झाली, भाऊ. पूजा राहिली."

तो गेला आणि अर्धी बादली पाणी घेऊन आला. माझा हात पुढं होईना. कुणाच्या घरचं पाणी चालतं आणि कुणाचं नाही, याची यादी आईनं निघताना मला पाठ करून घेतली होती. त्याच्या ते लक्षात आलं.

"आईनं सांगितलंय ना?"

मी मान हलवली.

"आईचं ऐकावं. तू ठरव. पण सांडू नको, संध्याकाळपर्यंत मला तेवढंच हाय."

तो गेला. मी बादलीकडे बघत बसलो. महादेवालाच विचारावं म्हटलं, तर त्याला हातात घ्यायला आधी अंघोळ करणं भाग होतं. शेवटी केली. पूजाही त्याच पाण्यानं केली. उरलेलं तांब्याभर पाणी प्यायलो आणि थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही. भूक मात्र लई लागली.

मेसमध्ये त्यानं माझ्यासाठी दोन भाकरी झाकून ठेवल्या होत्या. माझे ओले केस पाहून त्यानं वरणाची वाटी पुढं सरकवली. मी घरी पत्र लिहिलं, 'पाण्याची सोय आहे.' पुढचं लिहायची छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी मी त्याच्याच वर्गात गेलो. एकाच बाकावर बसून मी त्याला भाऊ म्हणायचो आणि सर हसायचे. त्या वर्षी तो एकदाचा सुटला. मी रसायनशास्त्रात नापास झालो. निकालाच्या दिवशी पेढे वाटायचे सोडून तो माझ्या खोलीत तोंड पाडून बसला होता. मीच त्याला चहाला घेऊन गेलो.