भोपळ्याची पहिली चीर

आमच्या गावात अख्ख्या भोपळ्याला बाई सुरी लावत नाही. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक, असं मानतात. पहिली चीर घरच्या पुरुषानं द्यायची, मग बाईनं खुशाल फोडी कराव्यात, भाजी करावी, घारगे तळावेत. लहानपणी मला याचा राग यायचा. आई भोपळा पुढ्यात घेऊन बसलेली आणि बाबा पारावर गप्पा हाणत असायचे. मला पळत जाऊन त्यांना बोलवावं लागे. ते यायचे, एक चीर द्यायचे आणि फार मोठं काम केल्यासारखे हात झटकत परत जायचे.

ज्या भोपळ्याचं मी सांगतेय तो पुढ्यात घेण्यासारखा नव्हता. तो माझ्या भावानं लावला होता. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. कुरुंद्याच्या शिवेला आमचा हळदीचा मळा आहे. तिथं विहिरीच्या कडेला त्यानं त्या पावसाळ्यात एकच वेल लावला. मोबाईलवर कुठले तरी परदेशातले बैलाएवढे भोपळे बघून त्याच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. हिवाळ्यात वसमतला शेतीचं प्रदर्शन भरलं की आपला भोपळा टेम्पोत घालून न्यायचा, असा त्याचा बेत होता.

त्यानं त्या वेलाची जी बडदास्त ठेवली, ती आम्हा कुणाची ठेवली नसेल. वेलाची पेरं मातीत दाबायचा, म्हणजे तिथंही मुळ्या फुटतात. शेणकाल्यात गूळ कालवून घालायचा. वेलाला चार फळं धरली तेव्हा त्यातली तीन त्यानं खुडून टाकली. आई हळहळली.

"कोवळी फळं काहून तोडून राहिला रे?"

"एकाला पोसायचं तर बाकीची काढावीच लागतात, आई," तो म्हणाला, आणि राहिलेल्या फळाखाली गवताची गादी करून दिली. शिंप्याकडची टेप आणून तो फळाचा घेर मोजायचा. दृष्ट लागते म्हणून आई त्याच्या हातातली टेप ओढून घ्यायची आणि तो हसत सुटायचा.

पोळ्यानंतर आठवड्यानं तो गेला. त्या सकाळी विहिरीवरची मोटार चालू करायला खरं तर बाबा निघाले होते. चप्पल घालता घालता भावाला म्हणाले, "तूच जा, माझं गुडघं दुखून राहिलं." स्टार्टरच्या पेटीत पावसाचं पाणी शिरून वीज उतरली होती. यापुढचं मला अजूनही लिहिता येत नाही.

मी वसमतला कॉलेजात होते, ते सोडून घरी आले. बाबांनी समोरच्या खोलीतली बाज धरली. मळ्याचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. हळद चुलते बघू लागले. मोटारही तेच चालू करायचे.

भोपळा मात्र वाढत होता. भाऊ गेला तेव्हा नारळाएवढा होता. पितृपाठात घागरीएवढा झाला आणि दसऱ्यानंतर दोन माणसांनाही हलेना. मला त्याचा संताप यायचा. ज्यानं लावला तो मातीत गेला आणि हा निलाजरा रोज फुगतोय! सांत्वनाला आलेली माणसं जाता जाता मळ्यात डोकावून जायची. एकजण तर भोपळ्याला टेकून फोटो काढत होता. मी ढेकूळ उचललं, तेव्हा कुठं तो उठला. हळहळत आलेल्या माणसांना भोपळ्याचं एवढं कौतुक कसं वाटतं, हे मला आजही कळलेलं नाही.

दिवाळी झाली आणि रात्री गार पडू लागल्या. वेलाची पानं भुरीच्या रोगानं पांढरी झाली, कडेनं वाळून कुरकुरू लागली. सकाळी गवतावर दहिवर साचायचं. आई रोज दिवस कलला की भावाची गोधडी घेऊन मळ्यात जायची, भोपळ्यावर घालायची आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच बसायची. निघण्याआधी न चुकता बाबांच्या बाजेपाशी थांबायची.

"चला की मळ्यात. वेल वाळून गेला. तुमी चीर दिल्याबिगर त्यो घरात कसा यायचा?"

"उद्या बघू," बाबा भिंतीशी बोलल्यासारखं म्हणायचे.

हे रोज चालायचं. मी चुलत्यांना म्हटलं, तुम्हीच देऊन टाका एकदाची चीर. त्यांनी कानाला हात लावले. "न्हाई बाई. ज्या घरचा थोरला गेला त्या घरच्या भोपळ्याला मी हात लावू? त्याच्या बापानंच लावावा." चुलतीनं मला बाजूला घेतलं. "तुही आई तिथं बसून भोपळ्याशी बोलून राहते. म्या ऐकलं. सांभाळ पोरी, भाऊ तर गेला, आईबी हातची जाईल."

त्या बोलण्यानं माझी झोप उडाली. आई जेवायला बसली की मी तिचे घास मोजायची. ती हसली तरी भीती वाटायची, गप्प राहिली तरी वाटायची. काहीही करून तिला त्या भोपळ्यापासून सोडवायचं, एवढंच मला दिसत होतं.

एका दुपारी मी एकटी मळ्यात गेले आणि गोधडी उचलली. वरून भोपळा शेंदरी, टणक, एक डागसुद्धा नाही. खाली हात घातला तर गवत ओलं, आणि बोटं सरळ आत गेली. घाण वास सुटला. रात्रीच्या ओलीनं तो खालून सडत चालला होता. थोरला लेक म्हणून ज्याला आई पांघरूण घालते, तो भोपळा तिच्या डोळ्यांदेखत सडून बसला, तर ती उठणारच नाही असं मला वाटलं. माणूस घाबरला की त्याला आपलंच खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी आई कुरुंद्याला दळण घेऊन गेली. मी कुऱ्हाड घेऊन मळ्यात गेले. बाईनं पहिला घाव घालायचा नाही, हे मला पाठ होतं. पण त्या घरात घाव घालणारा पुरुष बाजेवर पडून होता, त्याला मी काय करू? तीनचार घावांत भोपळा दुभंगला. खालचा भाग काळा, पाणी सुटलेला. वरचा गर मात्र लालबुंद, घट्ट, बिया भरलेल्या. मी सडका भाग खड्ड्यात लोटत होते, तेवढ्यात मागं पावलं वाजली. गिरणी बंद असल्याचं कळून आई अर्ध्या वाटेवरूनच परत आली होती, डोक्यावर दळणाचा डबा तसाच.

"आई, खालून खराब झाला होता," मी घाईघाईनं म्हणाले. "तू बघू नयेस म्हणून..."

"मला ठाऊक हाय. आठ दिस झाले, वास येऊन राहिला."

"मग रोज पांघरूण काहून घालत होतीस?"

आईनं डबा खाली ठेवला आणि विहिरीच्या कठड्याला टेकून बसली. "वरून तरी धड राहू दे म्हणलं, तुहे बाबा येईस्तोवर. हळद दुसऱ्याला बघता येते, मोटार दुसऱ्याला लावता येते. हे एकच काम त्यांच्यासाठी अडून राहिलं होतं. याच्यापायी तरी बाजेवरून उठतील, इथं येतील, एकदा मोकळं रडतील. म्या रोज इथं बसून त्यांचीच वाट बघत होते." मग तिनं चिरफाळ्यांकडे बघितलं. "आता कशापायी येतील?"

ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. "तुला कुणी सांगितलं न्हाई, तुहं काय चुकलं," असं म्हणून ती माझ्याबरोबर चांगल्या फोडी टोपल्यात भरू लागली. चुलती म्हणाली ते खरं होतं, आई बोलायची. पण ती काय बोलायची, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी आईनं भाजी केली. ताटातल्या फोडी बघून बाबांचा हात थांबला.

"चीर कोणी दिली?"

"पोरीनं," आई म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला, ओझं उतरल्यासारखा. "बरं झालं," ते म्हणाले आणि जेवू लागले.

आईनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी दिवस कलला तेव्हा ती बाजेपाशी थांबली नाही, आणि नंतरही कधी थांबली नाही. सहा वर्षं झाली. बाबांनी अजून मळ्यात पाऊल ठेवलेलं नाही.