संडासाचं कुलूप

सरांनी मोबाईल सगळ्यांसमोर धरला. फोटोत मी होते. बांबूच्या बेटामागं, साडी वर घेतलेली, पाठमोरी.

सर म्हणजे बागेत रोज सकाळी फिरायला येणारा एक रिटायर माणूस. त्यांच्यासोबत फिरणारे दहा-बारा जण भोवती उभे होते. सर म्हणाले, "या लोकांना बाग म्हणजे जंगलच वाटतं."

दोघं-चौघं हसली.

आम्ही पेठ तालुक्याकडच्या पाच बाया. भात कापून झाला की नाशिकला कामाला येतो. त्या वर्षी ही मोठी बाग नवी करायची होती. जुन्या फरश्या उखडायच्या, दगडाची बारीक कच पसरायची, दोरी लावून पेव्हर ब्लॉक बसवायचे. निम्मी वाट माझ्या हातची होती. गेटाजवळ नवा संडास बांधून तयार होता, टाइल्स, बेसिन, आरसा सगळं. पण त्याला कुलूप. उद्घाटन झाल्यावर उघडणार, असं मुकादम सांगायचा. आम्ही उजाडायच्या आत आडोशाला जाऊन यायचो.

त्या दिवशी माझी पाळी चालू होती. मी उजाडल्यावर कपडा बदलायला गेले होते. हे दहा पुरुषांसमोर कसं सांगणार? घोळक्यात एक बाई होती. मी तिच्याकडं बघितलं. बाईमाणूस हाय, समजंल. तिनं नाकाला रुमाल लावला आणि मुकादमाला म्हणाली, "आधी तिच्याकडून साफ करून घ्या."

मुकादम आमच्याच गावाकडचा. त्यानं मान खाली घालून फिनेल आणि बादली आणून दिली. बेटामागं माझं काही नव्हतं. कुत्र्यांची घाण होती, याच लोकांनी फिरायला आणलेल्या कुत्र्यांची. सर बोट दाखवत गेले, मी हातानं उचलत गेले. त्याचाही फोटो त्यांनी काढला. ग्रुपवर टाकतो म्हणाले.

माझी जाऊ यमुना शेजारी ब्लॉक लावत होती. तिनं वर बघितलं नाही. मीही कुणाकडं बघितलं नाही. हात तीनदा धुतले तरी वास जाईना. मी ब्लॉक उचलत राहिले. लाज मला वाटत होती, त्यांना नाही.

मग सरांनी मुकादमाला हाक मारली. मुकादमानं खिशातून किल्ली काढली, संडास उघडला. सर आत गेले. हात पुसत बाहेर आले.

माझ्या हातातला ब्लॉक मी खाली ठेवला. तशीच, कचेनं भरलेल्या पायांनी, त्यांच्या शेजारून आत गेले आणि कडी लावली.

मुकादम दार बडवायला लागला. बडव म्हटलं. मी कपडा बदलला. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. आरशात बघितलं. केसात सिमेंट, डोळे लाल.

"बाहेर ये. कामावरून काढीन," तो ओरडला.

मी दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिले. म्हटलं, "काढ. पण आधी यमुना आत जाईल, मग बाकीच्या."

यमुना घाबरत आली. तिच्यामागून तिघी. एकेक आत जाऊन आली. मी दार धरून उभी. सरांनी मोबाईल वर केला. मी पदर काढून घेतला तोंडावरचा. म्हटलं, "काढा. मघाशी मागून काढला, आता तोंड येऊ द्या."

त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

दुपारच्या आत माझं काम गेलं. संडासाला परत कुलूप लागलं. यमुना तिथंच राहिली. तिला राहावंच लागणार होतं.  निघताना ती थांब म्हणाली असती तरी मी थांबले नसते.

आता कुठल्याही कामावर गेले की घमेल्याला हात लावायच्या आधी विचारते, बायांचा संडास कुठाय? सिन्नरला दोन मुकादमांनी हाकलून दिलं. तिसऱ्यानं शिव्या दिल्या, मग चार पत्रे उभे करून दिले. उद्याचा चौथा नाय म्हणाला तर तिथूनही परत फिरेन. उपाशी निजेन. आडोशाला जाणार नाय.