आठ वर्षांचा बादशहा आणि मी

मी सरपंच झाले तेव्हा बावीस वर्षांची होते. जागा महिलांसाठी राखीव निघाली आणि सासऱ्यांनी माझं नाव पुढं केलं. ग्रामपंचायतीत ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसत. लोक मला सरपंचबाई म्हणत आणि बोलत त्यांच्याशी.

त्याच सुमारास राजूरकडची कोळशाची खाण आमच्या शिवारापर्यंत आली. गाव उठणार हे नक्की होतं. कुठं जायचं, ते कोणीच सांगत नव्हतं.

माझं बीए अर्धवट राहिलं होतं, म्हणून रविवारी मी वणीला वर्गाला जाई. तिथं सरांनी चीनच्या हान घराण्याच्या शेवटच्या बादशहाची हकीकत सांगितली. आठ वर्षांच्या पोराला एका सेनापतीनं गादीवर बसवलं, मग राजधानी जाळून त्याला दुसऱ्या शहरात नेलं. सेनापती मेल्यावर पोर दुसऱ्यांच्या हातात गेलं. हुकूम बादशहाच्या नावानं निघत, लिहीत दुसरेच.

मी विचारलं, "सर, मोठा झाल्यावरही तो कधी नाही म्हणाला नाही?"

"म्हणाला ना. चोरून हुकूम धाडला. बिंग फुटलं. त्याला कोणी हात लावला नाही, पण त्याच्या पोटुशी राणीला मारलं. शेवटी राज्यही त्याला त्याच्याच हातानं सोडायला लावलं."

त्या आठवड्यात ग्रामसभा होती. खाणीला संमती द्यायचा ठराव सासऱ्यांनी आधीच तयार ठेवला होता. मी उभी राहिले. "नवं गाव कुठं वसणार ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

सासरे शांतपणे लोकांना म्हणाले, "तब्येत बरी नाही तिची." लोक हसले. मागून एक म्हातारी म्हणाली, "खरं तं बोलून राह्यली थे." तिच्या लेकानं तिला हाताला धरून खाली बसवलं.

घरी नवरा म्हणाला, "तुले कोनं सांगतलं मधात बोलाले?"

"सरपंच मी आहो ना?"

"कागदावर आहेस."

महिनाभरात अविश्वास ठराव आला. माझ्या बाजूनं एकच हात वर गेला, माझा. खाणीच्या ठरावावर सही उपसरपंचांनी केली. वणीला जाणंही बंद झालं. सासूबाई म्हणाल्या, "शिकून हेच शिकली!"

आता आम्ही पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतो. गावाच्या जागी खड्डा आहे. सासरे दिवसभर दारात बसून असतात. परवा पाणी मागितलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मले वाटे, आपल्याले तरी बरी जागा देतीन."

मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, गिलास नुसता हातात धरून बसले.