उचललेल्या स्कूटीतले ब्लाउज

आज शालिमार चौकात टोइंगवाल्यांनी माझी स्कूटी उचलली. चूक माझीच, नो पार्किंगमध्ये लावली होती. उचललेल्या गाड्या ठेवतात त्या आवारात दंड भरायला गेले तर त्यांचंच मशीन बंद.

मी ब्लाउज शिवते. डिकीत एका नवरीचे ब्लाउज होते आणि दुपारी तिची हळद. किल्ली माझ्याकडेच होती, पण गेटवरचा माणूस आत सोडेना. "आधी दंड, मग सामान."

मी म्हटलं, "दादा, दंड स्कूटीला लागलाय, ब्लाउजला नाही. सामान देत नाही असं सही करून लिहून द्या."

त्याने गेट उघडलं.

तेवढ्यात गेटजवळच्या बाकावर बसलेले एक काकाही उठून माझ्यामागे आत आले. त्यांच्या डिकीत बायकोची औषधं होती. तासभर गप्प बसले होते. म्हणाले, "मला वाटलं, मागता येत नाही."

मंडळी, हे आपल्याला कोणी शिकवलं?