चिखलाला जांभळा म्हणणारी पोरं

आमची ताई सहा वर्षांच्या पोरांना रंग शिकवते. नेमकं काय करते हे बघायला एकदा तिच्या वर्गात गेलो आणि दिवसभर जेवण गेलं नाही. चाळीस पोरं, चाळीस नाकं, त्यातली तीस वाहती. ब्रशला टोक काढायचं म्हणून तो तोंडात घालून चोखायचा आणि परत रंगात बुचकळायचा. ब्रश धुवायची बादली तर विचारूच नका. वर साय धरलेली, वास कुजक्या फडक्याचा. ताई तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बुडालेला ब्रश चाचपत होती.

"ताई, शिसारी नाही येत?"

"रंगाचं पाणी आहे, गाढवा. तू लहानपणी काय काय तोंडात घालायचास, सांगू पोरांना?"

पोरं खिदळली.

ताई पाच वर्षं हंगामी. कायम व्हायचं तर मोठ्या बाईंचा शेरा हवा, आणि तो पालकांच्या दिवसावर ठरणार होता. भिंतीवर तक्ता होता: लाल अधिक निळा, झाला जांभळा. मुलांनी पालकांसमोर तेच करून दाखवायचं. घोडं तिथेच पेंड खात होतं. शाळेचा लाल नारिंगीकडे झुकलेला. "त्याच्या पोटात पिवळा असतो," ताई सांगायची, "निळा घातला की चिखलच होणार. जांभळ्याला गुलाबीकडचा लाल लागतो."

पुढच्या बाकावरची एक पोरगी, जिला सगळे चिमणी म्हणत, कागद नाचवत ओरडली, "बाई, माझा चिखल झाला!"

"झाला ना? मग चिखलच म्हणायचं. दिसतं ते सांगायचं."

ताईने तो गुलाबीकडचा लाल मागितला. मोठ्या बाईंनी चहाचा घोट घेतला. "तक्त्यात गुलाबी कुठे आहे? कपाटात तयार जांभळा पडलाय. वाट्यांच्या तळाला आधीच घालून ठेवा. वरून लाल-निळ्याचा एकेक थेंब. पालक काय वाटीत डोकं घालणार आहेत?"

घरी येऊन ताई जेवली नाही. आई म्हणाली, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बाई." मीही शहाणा, म्हटलं, "घाल की चमचाभर. कोण मरतंय?"

तिने घातला.

पालकांच्या दिवशी चाळीस ब्रश फिरले, चाळीस वाट्या जांभळ्या. टाळ्यांचा कडकडाट. तेवढ्यात चिमणीचा खणखणीत आवाज: "बाई, ह्यात आधीच जांभळा होता!"

ताईने मोठ्या बाईंकडे पाहिलं. मग चिमणीच्या पाठीवर हात ठेवला. "नाही गं. तूच केलास."

पालक कौतुकाने हसले. ताई कायम झाली.

सोमवारी, बहुधा पापक्षालन म्हणून, तिने वर्गासमोर शाळेचाच लाल आणि निळा कालवला. व्हायचा तोच तपकिरी चिखल झाला. वाटी तिरकी करून सगळ्यांना दाखवली.

"काय झालं? दिसतं ते सांगा."

"जांभळा!" सगळा वर्ग एका सुरात.

चिमणीने वाटीत पाहिलंच नाही. आधी ताईच्या तोंडाकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "जांभळा."

संध्याकाळी ताईने हे सांगितलं तेव्हा मला नेहमीची खोडी सुचली. "पोरं तयार झाली की! आता त्यांनाही कायम करून टाका."

ती हसली नाही.

"आज बादली तशीच ओतून दिली," म्हणाली. "दोन ब्रश होते तळाला. हात घालवेना."